मूल बोलत नाही, म्हणजे नेमकं काय अडलं आहे?

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. प्रशिक्षणात भाषेचे घटक शिकवले : ध्वनी, शब्दरूप, वाक्यरचना, अर्थ, वापर. समोरच्या मुलाकडे बघताना यांचा उपयोग कसा करायचा?

‘बोलत नाही’ किंवा ‘नीट बोलत नाही’ ही एक तक्रार नाही. पाचांपैकी काय अडलंय हे कळलं, तर पुढचं पाऊल ठरतं.

तीन वर्षांचा मुलगा ‘काका’ला ‘ताता’ म्हणतो, पण ‘ताता आले, गाडी आनली’ असं पूर्ण सांगतो. त्याचा फक्त ध्वनीचा प्रश्न आहे. ‘क’ जिभेच्या मागच्या भागाने उच्चारतात, ‘त’ टोकाने, आणि लहान मुलांना टोक आधी वळवता येतं. साधारण साडेतीन-चार वर्षांपर्यंत हे सुटतं. ‘र’ आणि ‘ळ’ला त्याहून वेळ लागू शकतो. अंदाजासाठी असं धरा : अनोळखी माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणं कळावं, तीन वर्षांच्याचं पाऊण, चार वर्षांच्याचं जवळपास सगळं.

वाक्यरचनेसाठी खेळण्यातलं कुत्रं आणि मांजर घ्या. ‘मांजराने कुत्र्याला ढकललं, दाखव बरं.’ मग क्रम उलटा करा : ‘कुत्र्याला मांजराने ढकललं.’ मराठीत कोणी कोणाला ढकललं हे ‘ने’ आणि ‘ला’ सांगतात, शब्दांचा क्रम नाही. जे मूल अजून पहिल्या शब्दावरूनच अंदाज बांधतं, ते दुसऱ्या वेळी कुत्र्याने मांजराला ढकललं असं दाखवेल. लहान वयात हे चालतं. शाळेत जायच्या वयातही तसंच होत असेल, तर लांब सूचना त्याला उलट्यासुलट्या कळत असणार.

वापराकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. जाहिरातीतली वाक्यं स्पष्ट म्हणणारं, अंक आणि बडबडगीतं पाठ असणारं, पण तहान लागली तर पाणी न मागणारं, बोट दाखवून ‘ते बघ’ न सुचवणारं मूल. घरच्यांना ते हुशार वाटतं. मला ‘ताता’ म्हणणाऱ्या मुलापेक्षा याची काळजी जास्त वाटते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं तेव्हा ‘बोलत नाही’ एवढंच सांगू नका. काय येतं आणि काय येत नाही, ते उदाहरणासह सांगा. श्रवणदोष आणि भाषाविकासातला विलंब या दोन्ही गोष्टी त्यांच्या तपासणीत आहेत.

प्रश्न : आमचा तीन वर्षांचा मुलगा ‘मी जाते’, ‘मी करलं’ असं बोलतो. दर वेळी सुधारून पुन्हा म्हणायला लावावं का?

म्हणायला लावू नका. या दोन चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत, आणि दोन्हींमागे डोकं चालू आहे.

मराठीत ‘मी’सोबतचं क्रियापदही बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. दिवसभर त्याच्याजवळ कोण असतं? बहुधा आई, आजी, पाळणाघरातल्या मावशी. ‘मी येते’, ‘मी देते’ हेच त्याच्या कानावर पडतं, म्हणून त्याच्या लेखी ‘मी’ला ‘ते’ जोडायचं असतं. बाबा, आजोबा, मामा स्वतःबद्दल बोलताना ऐकू आले की दोन रूपं आहेत हे त्याच्या लक्षात येतं. तेव्हा बाबांनी काम करताना बोलावं : ‘मी भांडी लावतो. तू चमचे देतोस?’ या दोन वाक्यांत त्याला ‘लावतो’ आणि ‘देतोस’ दोन्ही मिळतात.

‘करलं’ तर नियमाने आलेलं आहे. धर–धरलं, भर–भरलं, मार–मारलं; मग कर–करलं. घरात कोणी असं म्हणत नाही, म्हणजे ही नक्कल नव्हे. जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने 1958 मध्ये हेच दाखवलं. एका काल्पनिक प्राण्याचं चित्र, त्याला बनवलेलं नाव ‘वग’, आणि प्रश्न : असे दोन असले तर? कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी बरोबर केलं. घरी करून बघा : ‘हा एक डिंगा. आता हे दोन...?’ मूल ‘डिंगे’ म्हणालं तर नियम त्याच्याजवळ आहे. थोड्या मोठ्या मुलाला विचारा, ‘पाणी कोणाला देऊ?’ आधी ‘डिंगाला’ येईल, पुढे कधीतरी ‘डिंग्याला’.

1970 साली रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी पाहिलं की आईवडील मुलांचं व्याकरण फारसं दुरुस्त करत नाहीत. ते बोलणं खरं की खोटं यावर प्रतिक्रिया देतात. तरीही मुलं व्याकरण शिकतात. म्हणून तो ‘मी करलं’ म्हणाला की ‘हो? तू केलंस? एकट्याने केलंस?’ एवढंच म्हणा. योग्य रूप दोनदा कानावर पडलं आणि गप्पाही थांबल्या नाहीत. वारंवार टोकलं की काही मुलं छोटी, बिनचूक वाक्यं बोलून मोकळी होतात, आणि नवीन रचना करून बघायची सवय जाते. पाच वर्षांनंतरही अशी रूपं सर्रास चुकत असतील, तर वाचा-भाषातज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : नात दोन वर्षांची झाली, पाच-सहाच शब्द बोलते. सगळं समजतं. तिचे बाबाही उशिरा बोलले होते. वेखंड आणि मध चाटवू का?

आजी, वेखंड-मध नको. वेखंडाने भाषा येत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध अजिबात देऊ नये. त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. ‘जीभ जड आहे’ हेही बहुतेक वेळा कारण नसतं. जीभ खाली चिकटलेली असली तर एखादा उच्चार अडेल, शब्दच येणार नाहीत असं होत नाही.

आधी कान तपासा. टाळी वाजवली की वळते, एवढ्यावर समाधान मानू नका. टाळी किंवा दार आपटल्याचा आवाज ऐकू येऊनही ‘स’, ‘श’सारखे बारीक ध्वनी निसटत असू शकतात. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साठतो आणि ऐकणं कमीजास्त होत राहतं. ओएई (आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) आणि गरज पडल्यास बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी) या चाचण्यांनी खात्री होते. बेरा बाळ झोपलेलं असताना करतात, दुखत नाही. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. इतरत्र शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा.

बाबा उशिरा बोलले म्हणून वाट बघू नका. बारा महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड किंवा बोट दाखवणं नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘बाबा ये’, ‘दूध दे’ अशी स्वतःहून केलेली दोन शब्दांची जोडणी नाही : यातलं एकही असेल तर तपासणी हवी. आलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, लगेच. तुमच्या नातीला सगळं समजतं ही चांगली खूण आहे, पण ‘समजतं’ हे खुणा न करता पडताळा. चपलेकडे न बघता, हात न दाखवता म्हणा, ‘चप्पल आण’.

प्रश्न : आम्ही जर्मनीत राहतो. दोन भाषांमुळे मुलगी मागे पडेल का? मराठी कार्टून लावली तर चालेल?

दोन भाषांनी विलंब होत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. एका वाक्यात दोन भाषा मिसळणंही स्वाभाविक आहे.

मराठी मात्र लवकर कानावर पडायला हवी. 1984 मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता बरीच ओसरली. आपलेही ‘त’ आणि ‘ट’ याच जातीचे आहेत. पुढे शिकता येतं, पण कष्टाने.

कार्टूनने हे होणार नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ध्वनींतला फरक समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून शिकता आला. तेच पडद्यावर दाखवलं तर नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांखाली पडदा नकोच म्हणते, त्यानंतर पाच वर्षांखाली दिवसाला जास्तीत जास्त एक तास. आजीचा व्हिडिओ कॉल यात मोडत नाही, कारण आजी थांबते, उत्तर देते. फक्त ‘कशी आहेस, जेवलीस का’वर कॉल संपवू नका. दोन्हीकडे एकच पुस्तक किंवा सारख्या वस्तू ठेवा. आजी विचारेल, ‘माझा चमचा लपला, तुझा कुठंय?’ आणि मुलगी शोधायला लागली, की तिला दहा सेकंद द्या. तिच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका.