पाचवीत नापास होण्याची भीती : एका कुटुंबाबरोबरचे काम

पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाल्यापासून सल्ल्यासाठी येणारे पालक मला सर्वांत जास्त विचारतात तो प्रश्न असा : चौथीपर्यंत आमच्या मुलाला चांगल्या श्रेणी मिळत होत्या, मग आताच तो मागे कसा पडला, आणि नापास झालाच तर त्याचे वर्ष वाया जाणार का? या प्रश्नाला नियमांच्या आधारे उत्तर देता येते आणि ते द्यायलाही हवे. परंतु केवळ नियम सांगून घरातली भीती कमी होत नाही, कारण एकाच घरातली माणसेदेखील एकाच गोष्टीला घाबरलेली असतात असे नाही. हे ज्या कुटुंबाबरोबर काम करताना मला फार स्पष्टपणे दिसले, त्याची हकिकत येथे देत आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

जानेवारी २०२४ मध्ये, नव्या नियमांनुसार होणारी पहिलीच परीक्षा तोंडावर आलेली असताना, पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागातील एका मराठी शाळेत पाचवीत शिकणाऱ्या मुलाला घेऊन त्याचे आई, वडील आणि आजोबा असे तिघेही माझ्याकडे आले. वडील कारखान्यात पाळीने काम करत होते आणि आई घरी ब्लाउज शिवत असे. मुलाच्या पोटात शाळेच्या दिवशी सकाळी दुखे, रविवारी दुखत नसे, आणि डॉक्टरांना तपासणीत काहीही आढळले नव्हते. ऑक्टोबरच्या सुमारास झालेल्या चाचणीत त्याला गणितात निम्म्याहून कमी गुण होते, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता.

वडिलांनी सुरुवातीलाच सांगितले की, परीक्षा आली याचे त्यांना वाईट वाटत नाही. कोणालाही नापास न करता पुढच्या वर्गात ढकलण्याच्या आधीच्या पद्धतीला ते ढकलगाडी म्हणत. "मॅडम, ढकलगाडी बंद झाली हे बरंच झालं. पण आमचा नेमका पहिल्या वर्षीच सापडला." आईची अडचण वेगळी होती. मोबाइलवरच्या पालकांच्या गटात रोज काहीतरी येत असे, आणि त्यातून 'परीक्षा' या नावाखाली त्यांच्या मनात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या होत्या. आजोबा काहीच बोलले नाहीत.

आईचा गुंता सोडवणे तुलनेने सोपे होते, म्हणून तेथूनच सुरुवात केली. ऑक्टोबरमधली चाचणी ही राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने राज्यभरासाठी काढलेल्या प्रश्नपत्रिकांवर घेतली जाणारी नियतकालिक मूल्यांकन चाचणी होती. वर्षातून तीनदा होणाऱ्या या चाचण्यांचा हेतू, कोणती अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत यायला हवी अशी कोणती गोष्ट, मुलांना साधलेली नाही हे शिक्षकांना कळावे एवढाच असतो, आणि त्यांवरून कोणी नापास होत नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत होणारी पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेत होती. ती ऐच्छिक होती आणि तिच्या गुणांचा वर्ग चढण्याशी काहीही संबंध नव्हता. वर्ग चढण्याशी संबंध आहे तो फक्त एप्रिलमधील वार्षिक परीक्षेचा, आणि तीही मंडळाची परीक्षा नाही. मूल ज्या शाळेत शिकते त्याच शाळेत ती होते. हे तीन ओळींत कागदावर लिहून दिल्यावर आईंनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारले, "म्हणजे शिष्यवृत्तीचा क्लास लावला नाही म्हणून तो नापास होणार नाही?" त्या क्लासच्या शुल्कासाठी त्या भिशीचे पैसे आधीच उचलण्याच्या विचारात होत्या.

यानंतर श्रेणींचा प्रश्न आला, आणि माझ्या मते पालकांना सर्वांत कमी समजावून सांगितली जाणारी बाब हीच आहे. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आहे. या पद्धतीत परीक्षाच नव्हती असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. लेखी परीक्षा होतीच, पण तिचे वजन कमी होते. चौथीत १०० पैकी ६० गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य, स्वाध्याय आणि छोट्या चाचण्यांचे असतात, तर सत्राच्या शेवटी होणाऱ्या संकलित मूल्यमापनाला ४० गुण असतात. या मुलाच्या चौथीच्या प्रगतिपुस्तकात गणितात ब-२ होते, म्हणजे ६१ ते ७० या दरम्यानचे गुण. बोलण्यात चुणचुणीत आणि उपक्रमांत पुढे असलेल्या मुलाला लेखी परीक्षेत जेमतेम गुण मिळूनही ही श्रेणी सहज मिळू शकते. याउलट पाचवीच्या वार्षिक परीक्षेत प्रत्येक विषयाच्या ५० गुणांपैकी ४० लेखी आणि १० तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आहेत. मूल तेच राहिले तरी मोजण्याची पट्टी बदलली की आकडा बदलतो. चौथीची श्रेणी खोटी नव्हती आणि पाचवीत मूल अचानक बिघडलेही नव्हते, हे वडिलांना पटायला वेळ लागला. शाळेने इतकी वर्षे आपल्याला फसवले असे त्यांचे ठाम मत झाले होते. मी त्यांना चौथी आणि पाचवीची गुणविभागणी शेजारी-शेजारी मांडून दाखवली, तेव्हा त्यांनी स्वतःच बोट ठेवून म्हटले, "म्हणजे लिहिण्यात कच्चा आहे तो."

नियमाचा मुख्य भाग मी सावकाश सांगितला, कारण अपुरा ऐकलेला नियम न ऐकलेल्या नियमापेक्षा जास्त त्रास देतो. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या सोळाव्या कलमानुसार आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवता येत नव्हते. २०१९ मध्ये संसदेने या कलमात बदल करून पाचवी आणि आठवीला वर्षाच्या शेवटी परीक्षा घेणे बंधनकारक केले आणि त्या वर्गांत मुलाला रोखायचे की नाही हे ठरवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम त्याप्रमाणे बदलले आणि डिसेंबर २०२३ मध्ये परीक्षेची कार्यपद्धती जाहीर केली. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात ३५ टक्के, म्हणजे पाचवीत ५० पैकी १८ आणि आठवीत ६० पैकी २१ गुण लागतात. कमी पडले तर मुलाला शाळेने पूरक मार्गदर्शन द्यायचे असते आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची असते. त्या परीक्षेतही तो अनुत्तीर्ण झाला तरच त्याला त्याच वर्गात राहावे लागते. आणि कोणत्याही परिस्थितीत, प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही.

हे शेवटचे वाक्य ऐकून आजोबा पहिल्यांदा बोलले. "काढत नाहीत? नक्की?" सातवीच्या परीक्षेत ते स्वतः नापास झाले होते, त्यांच्या वडिलांनी त्यांना दुसऱ्याच दिवशी शेतावर नेले होते, आणि पुन्हा शाळेचे नाव कोणी काढले नव्हते. "मी राहिलो तो राहिलोच," असे ते म्हणाले. नापास या शब्दाचा त्यांच्या लेखी अर्थ शाळा सुटणे असा होता, आणि मुलगा रोज संध्याकाळी याच आजोबांजवळ बसत असे. वडील रागावत होते, आई धावपळ करत होती, पण मुलाच्या मनात घर करून बसलेली भीती आजोबांकडून आली होती, आणि तीही त्यांनी काही न बोलता. पुढे मुलाशी एकट्याने बोलताना त्याने विचारले की, पाचवीत राहिलो तर मला गावाला पाठवतील का. असे कोणी त्याला म्हटले नव्हते. मी आजोबांना विनंती केली की, कायद्यातील ही गोष्ट नातवाला तुम्हीच सांगा. माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून त्याला ती जास्त खरी वाटेल. त्यांनी ते केले, आणि सकाळची पोटदुखी त्यानंतर हळूहळू कमी झाली. ती पूर्ण थांबली असे मी म्हणणार नाही. गणिताचा तास पहिला असेल त्या दिवशी ती अधूनमधून येत राहिली.

गणिताच्या अडचणीचे मूळ मात्र अजून हाती आले नव्हते. गुणांचा आकडा घेऊन येणारे पालक मला रोज भेटतात. उत्तरपत्रिका पाहिलेले पालक क्वचितच भेटतात. आईंना मी वर्गशिक्षिकेकडे जाऊन चाचणीचा कागद पाहण्यास सुचवले. त्यांना संकोच वाटत होता, आपण जाब विचारायला आलो असे बाईंना वाटेल अशी भीती होती, म्हणून काय बोलायचे ते आम्ही आधी ठरवून घेतले : "गुण वाढवून मागायला आले नाही, तो कुठे अडतो ते पाहायला आले आहे." शिक्षिकेने कागद आनंदाने दाखवला. मांडणी करून दिलेल्या बेरजा, वजाबाक्या, गुणाकार आणि बहुतेक भागाकार बरोबर होते. शाब्दिक उदाहरणे जवळजवळ सगळी कोरी होती.

पुढच्या भेटीत मी मुलाला एक साधे उदाहरण वाचायला दिले : एका पेटीत २४ आंबे मावतात, तर ३१२ आंब्यांसाठी किती पेट्या लागतील? तो 'मावतात' या शब्दावर अडखळला, मग वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला, आणि शेवटपर्यंत पोहोचेपर्यंत सुरुवात विसरला. घाईने त्याने दोन्ही संख्यांची बेरीज करून टाकली. तेच उदाहरण मी वाचून दाखवले तेव्हा त्याने थोडा विचार करून भागाकार मांडला आणि १३ हे उत्तर काढले. म्हणजे घरात ज्याला गणिताची भीती म्हटले जात होते ती बऱ्याच अंशी वाचनाची अडचण होती. चौथीपर्यंत तोंडी कामात ती झाकली गेली, आणि लेखी भाग वाढताच उघडी पडली. शाळेने लक्ष ठेवावे आणि सहावीत सुधारणा दिसली नाही तर अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियासारख्या अडचणीची) तपासणी करून घ्यावी, असेही मी पालकांना सांगितले. परंतु त्या वेळी त्याच्या वाचनाचा सराव फारच थोडा होता, आणि आधी तो वाढवणे शहाणपणाचे होते.

येथे एक मत नोंदवते. न समजलेला धडा त्याच वर्गात आणखी एक वर्ष बसल्याने आपोआप समजतो, यावर माझा विश्वास नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाला मित्रांपासून मागे ठेवण्याची किंमत मोठी असते. त्याच वेळी, वाचता न येणारे मूल सहावी-सातवीपर्यंत पोहोचते आणि घरी कोणाला पत्ताही नसतो, ही आधीची स्थितीही मुलांच्या हिताची नव्हती. म्हणून परीक्षा चांगली की वाईट या वादात मी पालकांना फार वेळ राहू देत नाही.

घरी करायचे काम मोजकेच ठेवले. आई शिवायला बसली की मुलाने शेजारी बसून रोज अर्धे पान मोठ्याने वाचायचे. वडिलांनी सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडून शाब्दिक उदाहरणे सोडवून घ्यायची नाहीत, फक्त वाचून घ्यायची, आणि 'काय विचारले आहे' व 'काय दिले आहे' एवढेच त्याच्या शब्दांत सांगायला लावायचे. 'आता ढकलगाडी नाही' हे वाक्य मुलासमोर उच्चारायचे नाही. वडिलांना यातले तिसरे सर्वांत जड गेले. धाक नसेल तर मूल अभ्यास करत नाही, अशी त्यांची धारणा होती, आणि ती मी पूर्णपणे बदलू शकले असे मला वाटत नाही; पण धाकामुळे त्याची वाचनाची घाई वाढते आणि घाईमुळे चूक होते, हे त्यांनी आंब्यांच्या उदाहरणात डोळ्यांनी पाहिले होते, आणि तेवढ्यापुरते त्यांनी ऐकले.

मेच्या सुरुवातीला आईंचा फोन आला. मुलगा सर्व विषयांत उत्तीर्ण झाला होता आणि गणितात त्याला ५० पैकी २२ गुण होते. वडिलांनी पेढे आणले होते. आई मात्र वेगळेच बोलत होत्या : २२ पैकी ८ तोंडीचे आहेत, लेखीत ४० पैकी १४ च आहेत, त्या बाईंना भेटून उत्तरपत्रिका पाहून आल्या आहेत, शाब्दिक उदाहरणांपैकी तीन त्याने सोडवायला घेतली आणि त्यातले एक बरोबर आहे. सहावीची पुस्तके जूनमध्ये मिळतील, तोपर्यंत सुट्टीत त्याला वाचायला काय द्यावे, हे त्यांना विचारायचे होते.