आप्पांची लाल वही

पत्र: ताई, माझे वडील गेल्या श्रावणात गेले. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत त्यांचं किराणा दुकान होतं. दुकान आवरताना लाल कापडी बांधणीची एक वही सापडली. त्यात बोर्डिंगात राहणाऱ्या कितीतरी मुलांची नावं आहेत, पुढं मेसचे पैसे, वह्या, परीक्षा फी, आणि बऱ्याच नावांवर आडवी रेघ मारून ‘मिटलं’ लिहिलेलं. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. त्यांच्या मागं आठ लाखांची ठेव आहे, नॉमिनी मी आहे. मला त्यातून त्यांचं हे काम पुढं चालवायचंय. पुण्यातला भाऊ म्हणतो, एखाद्या शाळेला सगळे पैसे देऊन आप्पांच्या नावाची संगमरवरी पाटी लावू. धाकट्या बहिणीचं काही म्हणणं नाही. आई गप्प आहे. काय करू?
— एक लेक, मंगळवार पेठ

उत्तर:

प्रिय लेकी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा ‘मिटलं’ या शब्दापाशी थांबले. पैसे परत आले म्हणून ती रेघ मारलेली नाही, हे तुलाही कळलंय. समोरच्या पोराला मान खाली घालायला लागू नये, म्हणून मारलीय.

आधी आईचं बघ. मृत्युपत्र नसेल, तर त्या ठेवीवर आईचा आणि तुम्हा तिघा भावंडांचा सारखा हक्क आहे. नॉमिनी म्हणून नाव असलं तरी पैसे तुझ्या एकटीचे होत नाहीत. आईच्या औषधपाण्याचे, घरखर्चाचे पैसे बाजूला काढा आणि उरतील त्यातलंच दान करा. सगळ्यांची संमती कागदावर घ्या. आईला अडचणीत टाकून केलेलं दान आप्पांना कधीच पटलं नसतं.

आता पाटीचं. मला विचारशील तर मी लावणार नाही. ज्या माणसानं घरातसुद्धा कधी बोलून दाखवलं नाही, त्याचं नाव भिंतीवर चढवायला माझं मन घेत नाही. पण भावावर चिडू नकोस गं. तो लांब राहिला, शेवटची वर्षं त्याला दुकानात बसायला मिळालं नाही. वडिलांचं नाव कुठंतरी डोळ्यांनी बघावं, असं त्याला वाटतंय. ते दुःखच आहे.

आपल्या गावाला हे काम नवं नाही. 1901 साली इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, पाठोपाठ इतर समाजांची. शाहू महाराजांनी त्यांना नुसता आशीर्वाद दिला नाही. जागा दिल्या, दरसालच्या उत्पन्नाची सोय लावून दिली. म्हणून महाराज 1922 मध्ये गेल्यावरही तिथली चूल पेटत राहिली. दसरा चौकात, तिथल्या बोर्डिंगांसमोर उभी राहून बघ, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

तेच लहान प्रमाणात कर. समजा, पाच लाख उरले. ते एखाद्या वसतिगृहाच्या संस्थेला ‘कायम निधी’ म्हणून द्या. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असं देतानाच लेखी पत्रात स्पष्ट लिहा. तोंडी सांगितलेलं पुढच्या कार्यकारिणीला आठवत नाही. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला पस्तीस हजार होतात. त्यातले थोडे दरवर्षी मुद्दलात मिळवायला सांगा, नाहीतर दहा वर्षांनी त्या व्याजात मेसचं बिल बसणार नाही. अटी मात्र फार आवळू नका. अमक्याच गावचा, इतक्याच टक्क्यांचा मुलगा हवा, असं लिहिलंत तर एखाद्या वर्षी पैसे तसेच पडून राहतील. ‘बाहेरगावाहून शिकायला आलेला गरजू विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी’ एवढं पुरे.

देण्याआधी संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि मागच्या तीन वर्षांचे हिशेब बघायला माग. चांगली संस्था आढेवेढे न घेता दाखवते. पैसे चेकनंच द्या. देणगीवरची आयकराची सवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ती मिळतच नाही. त्यामुळं सवलतीकडं बघून आकडा ठरवू नका.

आणि सगळंच संस्थेच्या हाती देऊ नकोस. थोडे पैसे घरात ठेव. एखाद्याची फी उद्या भरायची असते, आणि संस्थेची बैठक महिन्यानं असते. आप्पा गल्ल्यातून काढून देत होते, तसं कुणीतरी द्यायला हवं. हे काम भावाला सांग. दर जूनला पुण्याहून यायचं, बोर्डिंगच्या अधीक्षकांना भेटायचं, आणि वहीत पुढचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं. आप्पांच्या अक्षराखाली त्याचं अक्षर येऊ दे. पाटीचं तो आपणहून सोडून देईल, असं मला वाटतं.

आई गप्प आहे म्हणतेस. एका संध्याकाळी ती वही घेऊन तिच्याजवळ बस आणि एकेक नाव मोठ्यानं वाच. इतकी वर्षं दुकानाचा डबा तिनं भरलाय. त्यातला कितवा डबा कुणाच्या पोटात गेला, हे बहुतेक तिलाच ठाऊक असेल. ती काय सांगते ते ऐकून मगच आकडा ठरवा.

वर्षश्राद्ध श्रावणात येईल, पण त्याची वाट बघू नका. पोरं जूनमध्येच येतात.

तुझी,
ताई