शेळीपालनाला सरकारी अनुदान किती मिळतं आणि बोकड विकायला सरकार काही मदत करतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की गावाकडे थोडी जमीन आहे, शेळीपालन सुरू करायचंय, तर सरकारकडून किती पैसे मिळतील आणि पुढे माल विकायला पण सरकारची मदत होते का. आमच्या घरी उस्मानाबादी शेळ्या आहेत, बाजारात विकायला मीच जातो, म्हणून जे माहितीय ते सांगतो. पाळायला मदत आहे आणि ती बऱ्यापैकी आहे, पण विकायला म्हणाल तर फारच कमी. त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी आपला बोकड कोण घेणार ते बघा, हे मी माझ्याकडे विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आधी पैशाचं बघू. सगळ्यात जास्त चर्चा असते ती केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानाची. २०२१ मध्ये तिचे नियम बदलले आणि तेव्हापासून ५० टक्के भांडवली अनुदान मिळतं. १०० शेळ्या ५ बोकड असं युनिट असेल तर जास्तीत जास्त १० लाख, आणि तसं वाढत वाढत ५०० शेळ्या २५ बोकडांना ५० लाख. यूट्यूबवर हाच ५० लाखाचा आकडा ओरडून सांगतात आणि पुढचं कोणी सांगत नाही. १० लाख अनुदान पूर्ण घ्यायचं तर प्रोजेक्ट २० लाखाचा लागतो, म्हणजे उरलेले १० लाख तुमचे स्वतःचे नाहीतर बँकेचे. अनुदान दोन हप्त्यात येतं, पहिला बँकेनी कर्ज सोडल्यावर आणि दुसरा युनिट पूर्ण झाल्याची तपासणी झाल्यावर, आणि ते येतं बँकेमार्फत, तुमच्या हातात रोख कोणी देत नाही. जमीन घ्यायला, स्वतःच्या गाडीला किंवा रोजच्या खर्चाला यातून काही मिळत नाही, जमीन स्वतःची किंवा भाडेकराराची पाहिजे, आणि शेळीपालनाचं ट्रेनिंग किंवा अनुभव दाखवावा लागतो. खरी अडचण बँकेत येते. आमच्या ओळखीतल्या एका पोराची फाईल ऑनलाइन व्यवस्थित पुढे गेली होती पण शाखेत शेळ्यांना कर्ज म्हटल्यावर साहेब आज या उद्या या करत राहिले. म्हणून ऑनलाइन अर्ज करायच्या आधी बँकेत जाऊन बोलून घ्या.

पहिल्यांदाच करताय तर मी १०० शेळ्यांच्या नादी लागूच नका म्हणेन. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची १० शेळ्या १ बोकड गटाची योजना आहे, खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती जमातीला ७५ टक्के अनुदान, अर्ज विभागाच्या महाबीएमएस या वेबसाइटवर ऑनलाइन. यात निवड यादी आणि प्रतीक्षा यादी असते त्यामुळे लगेच नंबर लागेलच असं नाही. धनगर समाजातले असाल तर महामेष योजना वेगळी आहे, २० मेंढ्या १ नर, ७५ टक्के अनुदान, ती पुण्याच्या अहिल्यादेवी शेळी मेंढी महामंडळाकडून चालते. आणि ज्याच्याकडे कोणी लक्षच देत नाही ते म्हणजे किसान क्रेडिट कार्ड. ते २०१८-१९ पासून पशुपालनाला पण मिळतं, २ लाखापर्यंतच्या कर्जाला व्याज ७ टक्के, वेळेवर भरलं तर ४ टक्केच पडतं. चारा, खुराक, औषधं याचा खर्च रोजचा असतो आणि अनुदान त्याला हात लावत नाही, तिथे हे कार्ड कामाला येतं.

कानातला बिल्ला मात्र अजिबात टाळू नका. १२ अंकी नंबरचा पिवळा टॅग असतो तो. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात टॅग नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी विक्री करायला बंदी आहे. विमा पण टॅगवरच आहे. आता विम्याच्या हप्त्यात पशुपालकाचा वाटा फक्त १५ टक्के आहे, बाकी केंद्र आणि राज्य भरतं, इतकं स्वस्त असून गावात बहुतेक जण काढत नाहीत आणि मग पीपीआर किंवा आंत्रविषार अशा शेळ्यांच्या जीवघेण्या रोगाची साथ आली की एका आठवड्यात अर्धा कळप जातो, ते बघवत नाही हो. जनावर मेलं तर लगेच कळवा, टॅगसकट फोटो काढा, डॉक्टरकडून शवविच्छेदन करून घ्या आणि त्याआधी पुरू नका.

आता विक्री. दुधाला बघा, जानेवारी २०२४ मध्ये सरकारनी गायीच्या दुधाला लिटरला ५ रुपये अनुदान दिलं, ते देता आलं कारण डेअरीत रोजच्या लिटरची नोंद असते आणि पैसे खात्यात जातात. बोकडाच्या विक्रीची अशी नोंद कुठंच नाही. हमीभाव नाही, सरकारी खरेदी केंद्र नाही. बाजारात हेडी म्हणजे जनावरांचा दलाल येतो, पाठीवर हात फिरवतो, रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो आणि आपण उक्ता माल देऊन मोकळे. माझं स्पष्ट मत आहे की सरकारनी अनुदानाच्या जाहिरातीवर जेवढा खर्च होतो त्यातला थोडा प्रत्येक बाजारात वजनकाटा आणि रोजच्या भावाचा फलक लावायला वापरला तरी छोट्या शेळीवाल्याचं कल्याण होईल. तोपर्यंत काटा स्वतः घ्या. लटकवायचा साधा काटा मिळतो, घरी वजन करून जा आणि किलोवर भाव बोला, समोरच्याची बोलायची पद्धतच बदलते.

बकरी ईदला चांगला भाव मिळतो पण ते आयत्या वेळी जमत नाही. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण लागतं, शेळी पाच महिने गाभण असते, म्हणजे ईदच्या किमान सतरा महिने आधी शेळी बोकडाला दाखवलेली पाहिजे, आणि ईद दरवर्षी दहा अकरा दिवस अलीकडे सरकते ते पण धरायचं. हे गणित कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गट करून विकता आलं तर अजून बरं. केंद्राची १० हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना २०२० ला आली, त्यात कंपनीला चालवायच्या खर्चासाठी तीन वर्षात १८ लाखापर्यंत मदत होती. आपल्याकडे बचत गटाच्या बायका हे काम जास्त नेटानी करतात असा माझा अनुभव आहे, गावात पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचं ट्रेनिंग घेतलेली गावातलीच बाई, असेल तर तिला पहिलं भेटा, लसीकरणाच्या तारखा आणि कोणाच्या गोठ्यात किती करडं विकायला तयार आहेत हे तिला तोंडपाठ असतं. वीस पंचवीस बोकड एकत्र झाले की व्यापारी गाडी घेऊन दारात येतो, एकट्या दोन बोकडांना मात्र तुम्हालाच टेम्पो करून जावं लागतं आणि परत आणायचं भाडं नको म्हणून मिळेल त्या भावात द्यावं लागतं.

म्हणून पुढच्या महिन्यात काही विकत घेऊ नका. लोणंद, आटपाडी किंवा तुमच्या जवळ जो शेळ्यांचा बाजार असेल तिथे नुसते जाऊन उभे रहा, कोणत्या वजनाचा बोकड पटकन जातो आणि कोणता संध्याकाळपर्यंत तसाच राहतो ते बघा. मग पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन यावर्षी तालुक्यात कुठल्या योजनेचे अर्ज चालू आहेत ते विचारा. तुमचा जिल्हा आणि प्रवर्ग इथे लिहिलात तर कुठली योजना बसते ते मी सांगतो.