लेकीला ‘सस्टेनेबिलिटी’त जायचंय, पगार कोण देणार?

प्रश्न: मी भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये सव्वीस वर्षं काढली. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सीए करेल असं वाटत होतं, तर आता म्हणते ‘सोशल सस्टेनेबिलिटी’मध्ये काम करायचंय. म्हणजे झाडं लावणार का? आणि याला पगार कोण देतं? कृपया तिची समजूत काढा. – एक पालक, भोसरी

उत्तर: नमस्कार. तिची समजूत काढायच्या आधी मला तुमच्याशीच बोलायचंय, कारण ती ज्याच्या मागे लागली आहे ते तुम्ही रोज डोळ्यांनी बघितलंय.

प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली येताना हात डायमध्ये (साच्यात) राहू नयेत म्हणून. काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन एका शॉपमध्ये गेले होते. तिथे एका जुन्या प्रेसचं डावं बटण आइस्क्रीमची काडी खोचून कायमचं दाबून ठेवलेलं. (नव्या कंट्रोलवर ही चलाखी चालत नाही, तुम्हाला माहीतच असेल.) सुपरवायझर म्हणाला, “मॅडम, पोरं ऐकत नाहीत.” पोरगा कंत्राटी, येऊन पंधरा दिवस झालेले, आणि समोर फळ्यावर तासाचं टार्गेट. दोन्ही हात अडकवले तर ते टार्गेट होत नव्हतं, एवढी साधी गोष्ट होती. उद्या त्याची बोटं गेली तर कंत्राटदार दुसरा पोरगा आणेल, आणि पुढची चाळीस वर्षं त्याला सांभाळायचं काम गावाकडचं घर करेल. तो खर्च शॉपच्या वहीत कुठेच येत नाही. ‘सोशल सस्टेनेबिलिटी’ म्हणजे धंदा कामगारांच्या जिवावर आणि हक्कांवर तर चालत नाही ना, हे बघणं; तुमच्या लेकीला ती वही तपासायची आहे. झाडांशी याचा संबंध नाही.

पुण्याला हे इंग्रजी नावाने शिकवायची गरज नाही, खरं तर. मार्केट यार्डातल्या हमालाची मजुरी पूर्वी त्या दिवशीच्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर असायची. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांसारख्या ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी मंडळ आलं. मालक मजुरी आणि वर लेव्ही (ठरलेली जादा रक्कम) मंडळात भरतो, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार निघतो. पोती तीच, पाठ तीच, पण म्हातारपणी हातात काहीतरी पडतं. आपल्या दारातला कचरा नेणाऱ्या ताईंचंही तसंच. 1993 मध्ये कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, उभी राहिली, 2008 मध्ये ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महापालिकेबरोबर घरोघरचं काम घेतलं. अशा संस्थेला घोषणा देणाऱ्यांइतकीच हिशेब नीट ठेवणाऱ्यांची गरज असते. बी.कॉम. वाया जाणार नाही, असं मी म्हणते ते यामुळे.

आता पगाराचं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे 2022-23 पासून शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना दरवर्षी सांगावं लागतं की कायम कामगार किती, कंत्राटी किती, अपघात किती झाले, किमान वेतन मिळतं का. ही माहिती गोळा करायला, ताडून बघायला माणसं लागतात. परदेशी गिऱ्हाइकं असलेल्या कारखान्यांत ‘सोशल ऑडिट’, म्हणजे कामगारांना कसं वागवलं जातं याची तपासणी होते, ती करणाऱ्या ऑडिट फर्म माणसं घेतात. त्याशिवाय कंपन्यांचे एचआर आणि कम्प्लायन्स (नियमपालन) विभाग, कामगार कायद्याचे सल्लागार, संघटना. सुरुवातीचा पगार तिच्या आयटीतल्या मैत्रिणीपेक्षा कमी असेल, हे मी गोड करून सांगणार नाही.

एक घोळ मात्र तिच्या डोक्यातून काढा. सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, ती ही नव्हे. 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, असं आहे. तो झालेला नफा कुठे घालायचा याचा विषय. तिला बघायचंय नफा झाला कसा. शाळेला बेंच देऊन फोटो काढणारी कंपनी आपल्याच कंत्राटी पोराचा फंड भरत नसेल, तर तुमच्या लेकीचं काम त्या फोटोपासून लांब, हजेरीपुस्तकात आहे.

शिक्षण: एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करायचं तर कर्वे समाज सेवा संस्था पुण्यातच आहे. मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाच्या संस्थेत श्रमविज्ञान शिकवतात. माझं मत विचाराल तर तीन वर्षांचं एलएलबी. कायदा येत नसेल तर ऑडिटला गेलेल्या मुलीला मॅनेजर चहा पाजून परत पाठवतात. ‘ईएसजी’च्या (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार) तीन महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर सध्या एक रुपया घालू नका. आणि सीएची एक-दोन ग्रुपं झाली असतील तर तीही सोडायला लावू नका, पगारपत्रकातली चलाखी ओळखायला त्याच्याइतकं दुसरं काही कामी येत नाही.

राहिला तिचा स्वभाव. एक खरं आणि एक दाखवायचं अशी दोन हजेरीपुस्तकं ठेवणारा मालक समोर बसलेला असताना, कामगार मान खाली घालून “सगळं व्यवस्थित आहे” म्हणत असताना, तिला शांतपणे पुढचा प्रश्न विचारता येईल का, हे मला पत्रावरून कळत नाही. तुम्हाला कळेल. या रविवारी तुमच्या जुन्या पगाराच्या पावत्या काढून तिच्यापुढे ठेवा. जादा तासांना दुप्पट दर लावलाय का, फंडाची कपात कोणत्या रकमेवर झाली, एवढं तिचं तिला शोधू द्या. तुम्ही काही सुचवू नका. काय सापडलं ते कागदावर लिहून तिला माझ्याकडे पाठवा; गुरुवार सोडून कधीही.