थर्मामीटर २६ वरच अडकलाय, मग साप पाण्यात का बसतोय?

प्रश्न : आमच्याकडे बॉल पायथन आहे, काचेच्या टाकीत, वर जाळीचं झाकण. एका बाजूला खालून हीट मॅट चिकटवलीय. पण आत काचेवर लावलेला काट्याचा थर्मामीटर २६ च्या वर जातच नाही, म्हणून थर्मोस्टॅट (मॅट ठरलेल्या तापमानाला चालू-बंद करणारं यंत्र) वाढवत वाढवत ४० वर नेलाय आणि गारठा लागू नये म्हणून भुशाचा थरपण जाड केलाय. तरी साप सारखा पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो. अजून एक मॅट लावू का?

उत्तर : अजिबात नको! आधी थर्मोस्टॅट ३२ वर आणा आणि मग पुढचं वाचा.

तुमचा थर्मामीटर काचेवर मधोमध चिकटवलेला, म्हणजे तो सांगतोय तिथल्या काचेचं आणि हवेचं. मॅटने हवा फारशी तापतच नाही, तापते ती जमीन. त्यामुळे वर २६ दिसतं आणि त्याच वेळी खालची काच ४० च्या आसपास असू शकते, आणि साप तर खालीच असतो ना. त्यात जाड थर म्हणजे मॅटवर गोधडी टाकल्यासारखं, उष्णता वर यायला जागा नाही म्हणून खालीच साठते, काच तडकूही शकते, आणि बॉल पायथन भुसा उकरून थेट काचेवर जाऊन वेटोळं घालतो ते वेगळंच. पोटाखालून लागणारी धग सापाला वेळेत कळून तो बाजूला होईल यावर विसंबून राहू नका, भाजेपर्यंत तिथेच बसून राहतात. म्हणून आजच त्याला अलगद उचलून पोटाकडचे खवले बघा. लालसर, तपकिरी किंवा फोड आल्यासारखे वाटले तर घरातलं मलम न लावता सरळ सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्हेटकडे न्या.

पाण्यात बसण्याची कारणं तीन असू शकतात, एक तर उकडतंय, नाहीतर कात टाकायची वेळ आलीय, नाहीतर अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) झालेत. भांड्यातल्या पाण्यात बारीक काळे ठिपके तरंगताना किंवा तळाशी दिसले तर माइट्सच समजा. पण तुमचं सेटिंग बघता माझा पहिला संशय उष्णतेवरच आहे.

आता मोजायचं कुठे, तर जिथे सापाचं पोट टेकतं तिथे. प्रोबवाला, म्हणजे वायरच्या टोकाला सेन्सर असलेला, डिजिटल थर्मामीटर घ्या, टोक गरम बाजूला भुशाखाली काचेला टेकवून ठेवा, दुसरा गार बाजूला. गरम बाजू ३१ ते ३३, गार बाजू २५ ते २७ एवढं बॉल पायथनला पुरतं. थर्मोस्टॅटचा प्रोब मॅट आणि काच यांच्यामध्ये बसवला असेल तर आत थोडं कमी मिळतं, मग आतला आकडा बघत एकेका अंशाने वाढवा, घाई नको. हा प्रोब आत मोकळा सोडू नका, सापाने तो उचकटून गार बाजूला नेला किंवा त्यावर पाणी सांडलं की थर्मोस्टॅटला वाटतं थंडी पडलीय आणि तो मॅट बंदच करत नाही. आणि हो, टाकीच्या आत चिकटपट्टी कधीच लावायची नाही, सापाची कातडी चिकटली तर सोडवताना सोलून निघते.

मॅट तळाचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापेल एवढीच हवी आणि टाकीखाली हवा खेळायला थोडी फट पाहिजे. हवाच गार पडतेय असं वाटलं तर जाळीचा बराचसा भाग झाका (सगळा नाही!) आणि मागच्या-बाजूच्या काचांना बाहेरून फोमशीट लावा. काचेतून आणि जाळीतून किती उष्णता निघून जाते याचा अंदाजच येत नाही.

प्रश्न : मॅटऐवजी सिरॅमिक हीटर (बल्बसारखा होल्डरमध्ये बसणारा) आतून लावला तर? आणि गरम होणारा दगड मिळतो तो कसा आहे?

उत्तर : दगड नको, विषय संपला. कुठे जास्त तापतो, कुठे कमी, आणि साप त्यालाच विळखा घालून बसतो.

सिरॅमिक चालेल, पण होल्डर चिनीमातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. भोवती जाळीचा पिंजरा लागतोच, तोही सापाचं डोकं आत शिरणार नाही इतका बारीक. त्याला उजेड नसतो त्यामुळे चालू आहे की बंद ते दिसत नाही, आणि बंद केल्यावरही बराच वेळ चटका देतो. थर्मोस्टॅट शक्यतो पल्सवाला (वीज छोट्या छोट्या झटक्यांत देऊन तापमान स्थिर ठेवणारा) घ्या, साधा ऑन-ऑफ मॅटला ठीक आहे. फोमशीट यापासून लांब. रात्री लाल बल्ब लावू नका, सापाला रात्री अंधार पाहिजे.

प्रश्न : लाइट गेली तर काय करायचं?

उत्तर : निरोगी मोठा साप काही तास जरा गार हवेत राहिला तर बिघडत नाही. टाकीवर ब्लँकेट टाकायचं असेल तर आधी हीटरचा प्लग काढा, नाहीतर लाइट आली की ब्लँकेटखालीच हीटर सुरू होईल. जास्तच गारठा असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून गरम बाजूला ठेवा. मेणबत्ती वगैरे काही नको. नुकतंच खाणं झालं असेल तर हात लावू नका, गार पडलं की पचन मंदावतं आणि खाल्लेलं उलटून पडू शकतं. पुढचं खाणं तापमान नीट जागेवर आल्यावरच द्या.