‘कुणाचा रं तू?’ असं इथं कुणी विचारत नाही

तू विचारलंयस, ‘दादा, शिरोलीच्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला पाच वर्षं झाली, मेकॅनिकलची डिग्री आहे, जर्मनीला यायचंय. लिंक्डइनवर पर्सनल ब्रँड करा म्हणतात, म्हणजे नेमकं काय करू? दोनशे अर्ज टाकले, एकाचंही उत्तर नाही.’

तुझं प्रोफाइल बघितलं. कोट कुणाच्या लग्नातला? असू दे, फोटो चांगलाय. त्याखालची ‘डायनॅमिक, रिझल्ट ओरिएंटेड प्रोफेशनल’ ही ओळ तेवढी काढून टाक.

आपल्याकडं कोल्हापुरात उद्यमनगरात काम मागायला गेलं की पहिला प्रश्न ‘कुणाचा रं तू?’ मामाच्या लेथ शॉपचं नाव सांगितलं की निम्मा इंटरव्ह्यू तिथंच उरकतो. इथं स्टुटगार्टात तुझा मामा कुणाला ठाऊक नाही. तुझ्याबद्दल मामानं जे सांगितलं असतं ते तूच लिहायचं. ब्रँड म्हणजे मला तरी एवढंच कळलंय.

माझ्या पहिल्या रेझ्युमेत ‘कास्टिंगची क्वालिटी सुधारली’ असं होतं. एका एजंटानं पैसे घेऊन तो नुसता रंगीत करून दिला. मग मीच बसून लिहिलं : ‘ब्रेक ड्रम, ग्रे आयर्न. ब्लोहोलचं (कास्टिंगमध्ये वायू अडकून राहिलेल्या पोकळ्यांचं) रिजेक्शन सात टक्क्यांवरून चारवर. मोल्डिंग सँडचा ओलावा शिफ्टला एकदा मोजायचे, तो दर तासाला मोजायला लावला.’ तीन आठवड्यांत दोन फोन आले. आणखी एक, तू ग्रे आयर्नचा ग्रेड म्हणून एफजी 260 लिहिलंयस, ते आपल्या आयएस 210 या भारतीय मानकातलं नाव. इथं त्याच्या जवळचा ग्रेड ईएन-जीजेएल-250. जुने फोरमन अजून जीजी 25 म्हणतात. दोन्ही नावं शेजारी शेजारी लिही. माणूस कामातला आहे हे तेवढ्यावर ओळखतात.

इंटरव्ह्यूत मी आपटलो तो एका शब्दावर. ‘आम्ही केलं, आम्ही बदललं’ असं चाललं होतं. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘यात तुम्ही काय केलंत?’ मला घाम फुटला. ‘मी मी’ करणाऱ्याला आपल्याकडं शहाणा समजत नाहीत, तीच सवय. पण म्हणून फेकायचंही नाही. इथं प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवता येतं. स्पेक्ट्रो (धातूत कोणते घटक किती ते मोजायचं मशीन) चालवता येत नसेल तर येत नाही म्हण.

व्हिसाचं थोडक्यात : 1 जून 2024 पासून चान्सेनकार्टे नावाचं नोकरी शोधायचं परमिट आहे. नोकरी शोधायला वर्षभर राहता येतं, आठवड्याला 20 तास पार्टटाइम करता येतं. भाषेची किमान अट जर्मन ए1 (अगदी सुरुवातीची पातळी) किंवा इंग्रजी बी2 (बऱ्यापैकी पक्की). खर्चाचे पैसे दाखवावे लागतात. ए1 वर थांबू नकोस मात्र, शॉपफ्लोअरवर सगळं जर्मनमध्येच चालतं.

निघण्याआधीचं खरं काम शिरोलीतच आहे. आपली एक्सपिरियन्स लेटरं म्हणजे दोन तारखा आणि ‘भावी आयुष्यास शुभेच्छा’. इथल्या पत्रात माणसानं काय काय काम केलं आणि कसं केलं ते सविस्तर असतं. तेव्हा राजीनामा द्यायच्या आधी, संबंध गोड आहेत तोवर, मालकांकडून लेटरहेडवर तसं पत्र घे. मजकूर तूच टाइप करून ने, ते वाचून सही करतील. मला आधी पाठव, जर्मन शब्द मी बघतो.