स्टिल म्हणजे पोलाद

प्रिय मास्तर,

हसू नकोस, आता तूही मास्तरच. नववीच्या पोरांना सुट्टीत इंग्रजी वाचायला लावायचा तुझा बेत वाचला. सोबतचा तक्ताही पाहिला. रोज एक धडा, त्यातले वीस कठीण शब्द, अर्थासह वहीत. तक्ता सुबक आहे. फाडून टाक.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी हेच केलं होतं. जूनमध्ये वह्या आल्या, तेवीसच्या तेवीस पूर्ण. मी खूश. मग उघडून बघतो तर ‘स्टिल’ (still, म्हणजे ‘अजून’) या शब्दापुढे सगळीकडे एकच अर्थ: पोलाद. एकानं लिहिलं, बाकीच्यांनी केळीच्या बागेत बसून उतरवलं. पोरांचं काय चुकलं? मी शब्द गोळा करायला सांगितले होते, गोष्ट वाचायला सांगितलीच नव्हती.

गोष्ट वाचून व्हायची तर ती सोपी हवी, आणि तुला वाटतं त्याहून बरीच सोपी. हू आणि नेशन या अभ्यासकांनी 2000 साली मांडलं की, कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायला शंभरातले सुमारे 98 शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे अडीचशे शब्दांच्या पानावर अडणारे शब्द पाचच. पोराला एक पान वाचू दे. शब्द अडला की एक बोट मिटायचं. मूठ वळली आणि तरी शब्द अडतायत, तर पुस्तक बदल. पाठ्यपुस्तकावर हा प्रयोग करून बघ, म्हणजे तुझा तक्ता मी का फाडायला सांगतोय ते कळेल.

खरी अडचण पुढेच आहे. इतकी सोपी पुस्तकं चित्रांची असतात, आणि मिसरूड फुटणारं पोरगं ती चारचौघांत हातात धरत नाही. मला यावर एकच तोड सापडली. पुस्तक त्याला वाचायला देऊच नकोस. धाकट्या भावंडाला वाचून दाखवायचं काम दे. एक वाक्य इंग्रजीत, लगेच तेच घरच्या अहिराणीत. अहिराणीत लबाडी चालत नाही. धाकटी “मंग काय व्हयनं?” म्हणून मागे लागली की उत्तर द्यावंच लागतं, आणि न कळलेलं वाक्य तो मुकाट्यानं पुन्हा वाचतो. आकलनाचे प्रश्न काढायची तुझी मेहनतही वाचते. (आम्ही वर्गात अहिराणी बोललो की हातावर पट्टी बसायची. तुझ्या वर्गात ती बोलली गेली तर मला आनंदच होईल.)

पुस्तकांसाठी प्रथम बुक्स या प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघ. 2015पासून आहे, फुकट आहे, गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि छापूनही घेता येतात. पहिल्या-दुसऱ्या पातळीपासून सुरू कर. दुवे मात्र पाठवू नकोस. घरात मोबाइल एकच आणि तो बापाबरोबर शेतात. छापूनच दे.

फवारणीच्या औषधांची लेबलं, भुसावळ स्टेशनातले फलक वाचायला लावा, असंही लोक सुचवतात. एक दिवस कर, सोडून दे. त्यात पुढं काय झालं हे विचारावंसं वाटत नाही.

वेळ दुपारची ठेव. सकाळी घरोघरी कुरडया-पापड चालू असतात, आणि पोरींची त्यातून सुटका नसते. ऊन 44 अंशांवर गेलं की सगळेच घरात. पंधरा मिनिटं पुरेत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सुट्टीत आली तर ते दिवस झोक्याचे. वाचनाचं नावही काढू नकोस.

वहीत फक्त पुस्तकाचं नाव लिहायचं आणि पुढं ‘संपवलं’ किंवा ‘टाकलं’. टाकलं म्हणून कुणाला बोलू नकोस.

माझ्याकडची एकतीस पुस्तकं खोक्यात भरून परवाच्या एसटीनं पाठवतोय. स्टँडवर जाऊन सोडवून घे. त्यात सहा-सात फाटकी आहेत, सुतळीनं बांधलेली. ती आधी वाट. पोरांनी ओढाओढ करून फाडलेली आहेत ती.

तुझा,
जुना मास्तर